कोकणच्या हवेत ड्रोसोफिलातली चरबी मोजताना: नव्या पोस्टडॉकसाठी

पीएचडी उंदरांवर किंवा पेशींवर झालेली असते आणि पोस्टडॉकला ड्रोसोफिला, म्हणजे बारीक फळमाशी, हाती येते. मग पहिलं लक्ष जातं ते ट्रायग्लिसराइड, म्हणजे साठलेली चरबी, मोजायच्या किटकडे. आमचा आग्रह असा की सुरुवातीचे दोन-तीन महिने माशीचं खाणं, वय आणि तापमान बसवण्यात घालवा. चरबीचा आकडा या तिन्हींमुळे इतका हलतो, की जनुकाचा परिणाम त्यात बुडून जातो. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या दमट हवेत तर हे आधी करण्याला पर्यायच नाही.

आंबा बागायतदार जिच्यासाठी सापळे टांगतात ती बॅक्ट्रोसेरा, वेगळी फळमाशी. आपली माशी फणसाच्या कुजक्या गऱ्यांवर आणि काजूच्या बोंडांवर घोंघावणारी, जेमतेम तीन मिलिमीटरची. मात्र बोंडावरची प्रत्येक बारीक माशी मेलानोगास्टर (लॅबमध्ये वापरली जाणारी ड्रोसोफिलाची जात) असेलच असं नाही, आणि बागेतल्या माशीबरोबर माइट्स, म्हणजे सूक्ष्म कोळीकिडेही लॅबमध्ये शिरतात. म्हणून स्टॉक (जनुकं ठाऊक असलेल्या माश्यांचा वाण) बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेच्या फ्लाय फॅसिलिटीतून किंवा अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टन केंद्रातून मागवा. परदेशी स्टॉकला परवानग्यांमुळे वेळ लागतो, तेव्हा लॅबमध्ये रुजू होण्याआधीच अर्ज टाका. आलेला स्टॉक निदान दोन पिढ्या वेगळ्या खोलीत ठेवा.

माशीत यकृताचं आणि चरबीच्या ऊतीचं काम मुख्यतः फॅट बॉडी हा अवयव करतो. साठलेली चरबी फोडणारं ब्रमर हे लायपेज माणसातल्या एटीजीएल या लायपेजचं भावंड आहे, आणि ॲडिपोकायनेटिक हार्मोन माणसातल्या ग्लुकागॉनसारखं, म्हणजे साठा बाहेर काढणारं, वागतं. जनुक ठरावीक ऊतीतच चालू-बंद करणाऱ्या, १९९३ साली आलेल्या गॅल४-यूएएस पद्धतीने यातलं हवं ते जनुक फक्त फॅट बॉडीत बंद करता येतं. गॅल४ला रोखणारं, तापमानाने चालणारं गॅल८० जोडलं तर १८ अंशांवर सगळं थांबलेलं आणि २९ अंशांवर सुरू. पण २९ अंशांची ऊबसुद्धा चरबी बदलते. म्हणून कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीच्या, माश्याही त्याच तापमानात, तेवढेच दिवस हव्यात.

आता खाणं. एक लिटर पाण्याला मक्याचं पीठ ८० ग्रॅम, साखर ४०, यीस्ट १५ आणि अगर ८ ग्रॅम हे प्रमाण चालतं. मिश्रण ६० अंशांखाली उतरल्यावरच ४ मिली प्रोपिऑनिक ॲसिड आणि १० मिली अल्कोहोलात विरघळवलेलं १ ग्रॅम मिथाइल पॅराबेन घाला. गरम असताना घातलं तर ॲसिड आणि अल्कोहोल उडून जातं, आणि जुलैत दोन-तीन दिवसांत व्हायलवर (माश्या वाढवायच्या नळीवर) बुरशीची जाळी दिसते. पावसाळ्यात दुसरी अडचण म्हणजे व्हायलच्या आतल्या बाजूला साचणारं पाणी. त्या थेंबांना चिकटून माश्या मरतात आणि ते मरण जनुकाच्या खात्यावर जमा होतं. भरलेल्या व्हायल मलमलच्या कापडाखाली रात्रभर पंख्याच्या वाऱ्यात निववा, मगच कापसाचे बोळे लावा. यीस्टचा लॉट बदलला तर जुन्या-नव्या लॉटची एकदा तुलना करून घ्या.

जास्त साखरेच्या आहारात साधारण १ मोलर सुक्रोज असतं, म्हणजे लिटरला ३४२ ग्रॅम. कंट्रोलला ०.१५ मोलर, म्हणजे ५१ ग्रॅम. जास्त चरबीसाठी बहुतेक लॅब ३० टक्क्यांपर्यंत खोबरेल वापरतात. इथे घाण्यावरचं तेल सहज मिळतं, पण प्रत्येक घाणा वेगळा. एकाच ब्रँडच्या एका लॉटचं तेल संपूर्ण प्रयोगासाठी साठवा. तेल कोमट खाण्यात घालून लगेच ढवळा आणि लगेच ओता. नाहीतर ते वर तरंगतं आणि डोस असमान होतो. २४ अंशांच्या खाली खोबरेल गोठतं, वर माश्या त्यात रुततात. त्यावर गाळणकागदाची पट्टी खोचणं हा साधा उपाय.

मोजणीसाठी मीलन झालेले, ५ ते ७ दिवसांचे नर घ्या. त्याहून कोवळ्या माशीत अळीच्या चरबीपेशी अजून उरलेल्या असतात, आणि माद्यांच्या अंड्यांत बरीच चरबी असते. दिवसाची वेळही रोज तीच. दहा माश्या ०.०५ टक्के ट्वीन या डिटर्जंटच्या बफरमध्ये कुटून लगेच ७० अंशांवर १० मिनिटं ठेवा. हे चुकलं की माशीचंच लायपेज चरबी फोडत राहतं. किट शेवटी ग्लिसेरॉलच मोजतं, म्हणून मुक्त ग्लिसेरॉल वेगळं मोजून वजा करा. वाचन ५४० नॅनोमीटरवर होतं आणि डोळ्यांचं लाल रंगद्रव्यही त्यात मिसळतं, त्यामुळे पांढऱ्या डोळ्यांच्या कंट्रोलशी लाल डोळ्यांच्या माशीची तुलना करू नका. डोकी काढून टाकणं सुरक्षित. आकडा प्रति मिलिग्रॅम प्रथिन देता तेव्हा प्रति माशीही द्या, कारण आहाराने प्रथिनही बदलतं. किटवर सगळी भिस्त ठेवू नका, टीएलसीने (थिन लेयर क्रोमॅटोग्राफीने) एकदा पडताळाच. ऊतीतली चरबी रंगवताना बॉडिपी किंवा नाइल रेड हे रंग वापरा. ट्रायटन हे डिटर्जंट टाळा, त्याने चरबीचे थेंबच विस्कटतात.

उपासमारीच्या चाचणीत व्हायल रिकामी ठेवू नका. १ टक्का अगर हवंच, नाहीतर तहानेने मेलेल्या माशा भुकेच्या हिशेबात येतात.

एप्रिल-मेमध्ये लाइट गेली की इन्क्युबेटर दोन तासांत तापतो. ३० अंशांच्या वर नर वांझ होतात आणि क्रॉस (दोन स्टॉकचा संकर) फुकट जातो. इन्व्हर्टर आधी इन्क्युबेटरला, मग इतर कशाला. प्रत्येक स्टॉकची एक प्रत १८ अंशांवर, शक्यतो दुसऱ्या इमारतीत असावी.

एनपीडीएफ ही राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची असते. २५ अंशांवर एक पिढी दहा दिवसांची, आणि जनुकीय पार्श्वभूमी एक करायला निदान सहा बॅकक्रॉस (एकाच मूळ वाणाशी पुन्हा पुन्हा संकर) लागतात, म्हणजे दोन महिने तरी त्यातच गेले. त्यामुळे मुलाखतीत मार्गदर्शकांना थेट विचारा: बॅकक्रॉस झालेले स्टॉक तयार आहेत का? खाणं कोण शिजवतं, नोंदवहीत लॉट नंबर लिहितात का? लाइट गेल्यावर काय सोय आहे? उत्तरं गोलमोल आली तर पहिल्या सहा महिन्यांत निकालांचं आश्वासन देऊ नका, आणि प्रस्तावातल्या वेळापत्रकात बॅकक्रॉसचे महिने स्वतंत्र ओळीत दाखवा.