भारताचा सर्वांत मोठा फॉरवर्ड कोण? हा वाद नीट कसा घालावा

मी हॉकीचा गोलकीपर. कॉलेजात असताना कोल्हापुरात मुरमाच्या मैदानावर पॅड बांधून उभा राहायचो, पुढं अठ्ठावीस वर्षं शाळेत खेळाचा शिक्षक होतो. या गावात पोरगं चालायला लागलं की फुटबॉलला लाथ मारतं, नाहीतर तालमीच्या मातीत उतरतं. हॉकी खेळणारे तेव्हाही थोडे होते, आताही थोडेच आहेत. म्हणून जे आहेत ते एकमेकांना धरून असतात. दर वर्षी २९ ऑगस्टच्या, म्हणजे ध्यानचंदांच्या जन्मदिवसाच्या, जवळच्या रविवारी आम्ही जुने खेळाडू सकाळी रंकाळ्याच्या काठावर जमतो आणि एकच विषय घेतो: भारताच्या हॉकी संघाचा आजवरचा सर्वांत मोठा फॉरवर्ड, म्हणजे पुढं राहून गोलवर चाल करणारा खेळाडू, कोण?

पहिली दोन वर्षं ही बैठक पार नासली. आवाज चढले, आमचा एक लेफ्ट हाफ आणि एक सेंटर फॉरवर्ड दसऱ्यापर्यंत एकमेकांशी बोलत नव्हते. विषय चुकीचा नव्हता, वाद घालायची रीत चुकीची होती. तिसऱ्या वर्षापासून मी एक वही केली आणि काही गोष्टी ठरवून घेतल्या. तुमच्या गावात, तालमीत, शाळेत असा वाद बसवायचा असेल तर त्या वहीतलं सांगतो.

आधी माणसं. सहापेक्षा कमी नकोत, दहापेक्षा जास्त नकोत. सगळेच फॉरवर्ड गोळा केलेत तर प्रत्येक जण स्वतःच्या जागेचा माणूस पुढं करणार: राइट आउटला राइट आउटच मोठा वाटतो. किमान एक बॅक, म्हणजे मागं राहून फॉरवर्डला अडवणारा, आणि एक कीपर हवाच, कारण फॉरवर्डचा मार ज्यांनी खाल्ला त्यांचं मत कुणी विचारत नाही. शाळेत खेळणारी दोन पोरं हवीत. आणि बाई खेळाडू हवी. आमच्यात माझी भाची येते, ती शालेय राज्य स्पर्धा खेळलेली आहे. ती नव्हती तोवर आमच्या वहीत एकाही मुलीचं नाव आलं नव्हतं, याची मला आजही खंत आहे. वेळ सकाळचीच ठेवा. संध्याकाळी शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना असला की अर्धी माणसं तिकडं ओढली जातात.

चहा यायच्या आधी प्रश्न पक्का करा. फॉरवर्ड म्हणजे कोण? हे न ठरवता सुरुवात केली की कुणीतरी पहिल्याच वाक्यात हरमनप्रीतचं नाव घेतो. हरमनप्रीत सिंग थोर खेळाडू आहे, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्पेनविरुद्ध ब्राँझ मिळवून देणारे दोन्ही गोल त्याचेच. पण तो बॅक आहे, गोल पेनल्टी कॉर्नरचे आहेत. १९५६ ला मेलबर्नच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्धचा एकमेव गोल रणधीर सिंग जेंटल यांनी केला, तेही बॅकच. त्यांचा मान वेगळा ठेवा, या यादीत मिसळू नका.

मी खडूनं फरशीवर जुनी मांडणी काढतो: मागं दोन बॅक, मध्ये तीन हाफ, पुढं पाच. लेफ्ट आउट, लेफ्ट इन, सेंटर फॉरवर्ड, राइट इन, राइट आउट. आजच्या पोरांना तीन फॉरवर्ड माहीत असतात, पाच बघून ती चकित होतात. हे चित्र काढल्यावर निम्मा गोंधळ तिथंच मिटतो. सेंटर फॉरवर्डचं काम गोल मारणं, ‘इन’चं काम हाफकडून चेंडू घेऊन रस्ता काढणं, ‘आउट’चं काम रेषेवरून पळून चेंडू डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलात, टाकणं. तिघांना एकाच मापानं मोजलंत तर सेंटर फॉरवर्डच जिंकणार, मग वाद घालायची गरजच काय?

आता आकडे. आकडे आणा, पण त्यांच्या शेजारी समोर कोण होतं तेही लिहा. १९३२ ला लॉस एंजेलिसमध्ये भारतानं अमेरिकेला २४-१ हरवलं. ध्यानचंदांचे धाकटे भाऊ रूपसिंग यांचे दहा, ध्यानचंदांचे आठ. हा आकडा कुणी टाकला की बैठक गप्प होते. तेव्हा लगेच सांगायचं की त्या ऑलिंपिकच्या हॉकीत संघच तीन होते: भारत, जपान आणि अमेरिका. यानं त्या दोघा भावांचं मोठेपण उणं होत नाही. पण १९२८ ची ॲमस्टरडॅमची कामगिरी मला जास्त वजनदार वाटते. ध्यानचंदांचे पाच सामन्यांत चौदा गोल, आणि भारतावर पूर्ण स्पर्धेत एकही गोल झाला नाही. (आमच्यासारख्या कीपरनं हे शेवटचं वाक्य दोनदा वाचावं.)

एकच आकडा दोन ठिकाणी दोन प्रकारे सापडला तर भांडू नका, दोन्ही लिहा. १९३६ च्या बर्लिनच्या अंतिम सामन्यात भारतानं जर्मनीला ८-१ हरवलं. त्यात ध्यानचंदांचे सहा गोल असं जुन्या लिखाणात येतं, आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या अहवालात तीन आहेत. आमच्याकडं यावरून एक अख्खी सकाळ गेली होती. आता नियम असा: असा आकडा निकालाला धरायचा नाही. ध्यानचंद त्यावाचून उभे राहतात.

ध्यानचंदांबद्दल एक गोष्ट मी आग्रहानं सांगतो. त्यांना देव्हाऱ्यात बसवू नका. ‘ते तर देवच, त्यांना सोडून बोला’ असं म्हणणारा एक जण प्रत्येक बैठकीत असतो. त्याचा हेतू चांगला असतो, पण असं म्हटलं की पोरांना ध्यानचंद कसे खेळायचे हे कधीच कळत नाही. त्यांना बाकीच्यांच्या पंगतीत बसवा आणि त्यांचा खेळ बोला. १९३२ च्या स्पर्धेत धाकट्या भावाचे तेरा गोल आणि त्यांचे बारा, यातून काय दिसतं ते विचारा. मला त्यात चेंडू सोडणारा सेंटर फॉरवर्ड दिसतो. जगातला सर्वांत नावाजलेला गोल मारणारा माणूस शेजारच्याला एवढे गोल मारू देतो, तर तो डीमध्ये काय बघत असेल!

काळाचा फरक तोंडानं समजावू नका, करून दाखवा. आम्ही बूट काढून गवतावर मांडतो. ध्यानचंद आणि बलबीर सिंग यांच्या काळात ऑफसाइडचा नियम असा होता की चेंडू पुढं येताना फॉरवर्डच्या आणि गोलरेषेच्या मध्ये समोरचे तीन खेळाडू लागायचे. बूट मांडून एका पोराला फॉरवर्ड करा आणि म्हणा, आता गोलजवळ जाऊन थांब. त्याला थांबताच येत नाही. १९७२ ला तिघांचे दोन झाले आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी ऑफसाइड पूर्ण गेला. आज डीमध्ये उभं राहून चेंडूला नुसती स्टिक लावून गोल होतो, तसा गोल त्या काळी मिळत नव्हता.

उलट बाजूही मांडा, नाहीतर पोरांवर अन्याय होतो. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून कृत्रिम मैदान आलं. चेंडू धावायला लागला, दम जास्त लागायला लागला. आता पंधरा मिनिटांचे चार भाग असतात, हवे तेवढे बदल करता येतात, त्यामुळं फॉरवर्डच्या अंगावर येणारा बॅक प्रत्येक वेळी ताजा असतो. गवतावर सत्तर मिनिटं खेळणारा मोठा की टर्फवर ताज्या बॅकसमोर पळणारा मोठा, यावर माझं मत नाही. दोघांना एकमेकांच्या मैदानावर ढकलू नका, एवढंच म्हणणं आहे.

यानंतर कीपरला बोलू द्या. आमच्यात हा भाग सर्वांत लांबतो, आणि माझा सर्वांत आवडता आहे. गोलमधून फॉरवर्ड वेगळा दिसतो. काही जण चेंडू मारायच्या आधी स्टिक एवढी मागं नेतात की तुम्हाला पाय हलवायला वेळ मिळतो. काही जण डोकं वर करतात, मग कळतं कुठल्या कोपऱ्यात येणार. खरा घात करतो तो स्टिक न उचलणारा. विद्यापीठाच्या एका स्पर्धेत माझ्यासमोर असा एक इन आला होता. त्यानं पळता पळताच चेंडू ढकलल्यासारखा मारला, मी डावीकडं निम्मा वाकलो होतो, चेंडू उजव्या पॅडला घासून आत. बोर्डावर आपटल्याचा आवाज आला तेव्हा मला गोल झाल्याचं कळलं. तो आवाज माझ्या कानात अजून आहे.

म्हणून मोहम्मद शाहिद माझ्या फार जवळचे. बनारसचा हा माणूस ड्रिबलिंगसाठी गाजला, ते बरोबरच. पण त्यांचा अर्धा पुश (चेंडू ढकलणं), अर्धा हिट (स्टिक उचलून मारणं) असा फटका कीपरला कसा फसवत असेल, हे मला गोलमध्ये उभं राहिल्यामुळं कळतं. १९८० च्या मॉस्कोच्या अंतिम सामन्यात स्पेनविरुद्ध ४-३, त्यात सुरिंदर सिंग सोधींचे दोन, कौशिक यांचा एक, शाहिद यांचा एक. शाहिद यांच्या बाजूनं बोलताना गोल मोजू नका, मोबाइलवर चित्रफीत लावून बॅक कुठल्या बाजूला पडतोय ते दाखवा.

‘आपला माणूस’ आला की सावध व्हा. धनराज पिल्ले खडकीचे, मराठी बोलणारे. त्यांचं नाव निघालं की आमच्याकडं आवाज आपोआप मोठे होतात. त्यांची बाजू भक्कम आहे, तिला आपलेपणाचा टेकू लागत नाही. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा. १९९८ ला बँकॉकमध्ये ते कर्णधार असताना भारतानं ३२ वर्षांनी आशियाई सुवर्ण जिंकलं. अंतिम सामना कोरियाशी, निकाल टायब्रेकरवर, आणि तिथं आपला कीपर आशिष बल्लाळनं गोल राखला, हे मी सांगितल्याशिवाय कुणाला पुढं जाऊ देत नाही. धनराज यांच्या गोलांची त्या काळी नीट अधिकृत नोंदच ठेवली गेली नाही. जो संघ ऑलिंपिकमध्ये पदकापर्यंत पोहोचत नव्हता, त्यात पंधरा वर्षं समोरचे बॅक याच एका माणसाला बघून मागं सरकायचे. ‘भरल्या संघात कुणीबी चमकतंय, मोकळ्या संघात चमकून दाखवा की,’ असं आमचा राइट हाफ म्हणतो. त्याला उत्तर द्यायला विरोधी बाजूला कष्ट पडतात, आणि पडायलाच हवेत.

मुलींच्या संघाची वेगळी ओळ शेवटी जोडू नका, त्याच वादात आणा. माझ्या भाचीनं राणी रामपालची बाजू मांडली तेव्हा तिनं एकच सामना सांगितला. २०१९, भुवनेश्वर, ऑलिंपिक पात्रतेची अमेरिकेशी लढत. पहिला सामना भारतानं ५-१ जिंकलेला. दुसऱ्यात अमेरिकेनं चार गोल चढवले आणि दोन्ही सामन्यांचे गोल मिळून बरोबरी झाली. टोकियो ऑलिंपिक हातातून जायच्या बेतात असताना ४८ व्या मिनिटाला राणीनं गोल केला, ६-५. त्याच टोकियोत वंदना कटारियानं दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले, ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. बाजू अशी मांडावी: एक सामना, एक मिनिट, त्या वेळी काय पणाला लागलं होतं. ‘लई भारी खेळायची’ म्हटल्यानं समोरच्याला काही दिसत नाही.

शेवटी चिठ्ठ्या. हात वर करून मत घेऊ नका, धाकटी पोरं मोठ्यांच्या तोंडाकडं बघून हात वर करतात. प्रत्येकानं एक नाव आणि त्या नावासाठी एकच प्रसंग लिहायचा. प्रसंग नसेल तर चिठ्ठी बाद. चिठ्ठ्या मोठ्यानं वाचायच्या, वहीत उतरवायच्या, मग सगळे मिसळ खायला उठायचे. खासबागेत कुस्ती बरोबरीत सुटली तर लोक दोन्ही पैलवानांना मान देतात, तशी बैठकही बरोबरीत सुटली तरी चालते. आमची चारदा सुटली आहे.

माझी चिठ्ठी दर वर्षी एकच असते: बलबीर सिंग सीनियर. १९४८ ला लंडनमध्ये अर्जेंटिनाविरुद्ध सहा गोल केल्यावरही त्यांना पुढच्या सामन्यांत खेळवलं नाही. थेट अंतिम सामन्यात उतरवलं, समोर ब्रिटन, स्वातंत्र्याला वर्षही पुरं झालेलं नव्हतं. भारत ४-०, बलबीर यांचे दोन. १९५२ ला हेलसिंकीत भारताचे एकूण तेरा गोल, त्यांत नऊ त्यांचे, आणि नेदरलँड्सविरुद्धच्या अंतिम सामन्यातल्या सहापैकी पाच. बाहेर बसवलेला माणूस आत येऊन पहिल्याच संधीला गोल करतो, त्याच्यासमोर उभं राहायची माझी छाती झाली नसती. कीपर म्हणून माझं माप हेच.

यंदा आठवीतल्या एका मुलीनं चिठ्ठीवर रूपसिंगांचं नाव लिहिलं. प्रसंग म्हणून अमेरिकेविरुद्धचे दहा गोल, आणि खाली लिहिलेलं: ‘सगळे त्यांना ध्यानचंदांचा भाऊ म्हणाले, लेफ्ट इन कुणीच म्हणालं नाही.’ खरंच, मीही म्हणालो नव्हतो. वहीत तिची चिठ्ठी जशीच्या तशी चिकटवली आहे. पुढच्या वर्षी सुरुवात रूपसिंगांपासून करायची असं ठरलंय, आणि खडू तिच्या हातात असणार आहे.