थांबलेली मॅन्युअल गाडी झटकन कशी उचलायची

गोव्यात धारगळला गावातल्या रस्त्यावरून एनएच ६६ हायवेवर चढायचं असलं की ट्रक, टेंपो, भाड्याच्या थार सगळं एकामागोमाग येत राहतं, मधे कधीतरी चार-पाच सेकंदांची फट मिळते आणि तेवढ्यात गाडी शून्यावरून निदान चाळीसला नेता आली पाहिजे. बऱ्याच जणांचं इथेच फसतं. एकतर घाबरून क्लच पटकन सोडतात आणि गाडी आचका देऊन बंद पडते, तीपण हायवेच्या तोंडावर आडवी, नाहीतर रेस भरपूर देतात पण क्लच अर्धाच धरून ठेवतात, मग इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी रांगत पुढे जाते. दोन्हीकडे चूक एकच, सगळं लक्ष उजव्या पायाकडे. गाडी उचलायचं काम खरं डाव्या पायाचं आहे.

आधी आत काय होतं ते समजून घ्या, म्हणजे बाकीचं पाठ करावं लागणार नाही. छोट्या पेट्रोल गाडीत पहिल्या गियरला १००० आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) म्हणजे साधारण ७-८ चा स्पीड. तुम्ही ३००० वर रेस धरून निघालात तर गाडी बावीस-तेवीसच्या स्पीडला पोचेपर्यंत इंजिन पुढे आणि चाकं मागे असा फरक राहणार, आणि तो सगळा फरक क्लच प्लेट, म्हणजे इंजिन आणि गियरबॉक्सला जोडणारी तबकडी, घासून घासून भरून काढते. रेस एकाच जागी धरून क्लच सोडला तर सपाट रस्त्यावर प्लेटमध्ये साधारण तेवढीच उष्णता तयार होते जेवढी ऊर्जा गाडीला वेग घ्यायला लागली, आणि ती वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणजे २००० ऐवजी ४००० वर निघालात तर रेस दुप्पट आणि उष्णता चौपट. म्हणून ‘रेस दे जोरात आणि सोड क्लच’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही.

पहिला सराव रेस न देता करा. सपाट मोकळी जागा, इंजिन गरम झालेलं, पहिला गियर, एक्सलेटरवर पाय नाही. क्लच इतका सावकाश सोडा की गाडी स्वतःच सरकायला लागेल. बरोबर त्या जागी आरपीएमचा काटा थोडा खाली येतो, इंजिनचा आवाज जाड होतो आणि सीटला बारीक थरथर जाणवते. ही पकडीची जागा. पुन्हा क्लच दाबा, थांबा, पुन्हा तेच, वीस-पंचवीस वेळा. माझ्या भाच्याला शिकवताना मी पूर्ण एक दुपार त्याला एवढंच करायला लावलं, तो वैतागून म्हणाला ‘मामा, आता तरी रेस देऊ का?’, म्हटलं नाही, आधी डोळे डॅशबोर्डवरून काढून समोर रस्त्यावर ठेव आणि पकड नुसत्या पायाने सांग. संध्याकाळपर्यंत सांगायला लागला. दुसऱ्याची गाडी हातात घेतली की हीच गोष्ट आधी दोन-चारदा करून बघायची, कारण प्रत्येक गाडीची पकड वेगळ्या जागी असते, कुणाची अगदी खाली, प्लेट झिजलेली असली तर बहुतेक वेळा वर.

आता झटकन निघणं. क्लच पूर्ण दाबलेला, पहिला गियर, हँडब्रेक ओढलेला आणि त्याचं बटण अंगठ्याखाली दाबून ठेवलेलं. साध्या पेट्रोल गाडीला २००० ते २५०० च्या आसपास रेस स्थिर धरा, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) असलेल्या डिझेलला १८०० ते २००० पुरे. मारुतीच्या जुन्या १.३ डिझेलचा पूर्ण जोर, १९० न्यूटन मीटर, २००० आरपीएमलाच येतो, त्याच्या बऱ्याच खाली टर्बो झोपलेला असतो म्हणून डिझेलवाले सुरुवातीलाच अडकतात. मग क्लच तळापासून पकडीपर्यंत पटकन आणा, तिथे पाऊण-एक सेकंद पाय धरा, त्याच क्षणी हँडब्रेक खाली आणि एक्सलेटर वाढवत न्या. काटा पडू द्यायचा नाही आणि उडूही द्यायचा नाही. गाडीने जोर धरला की क्लचचा उरलेला भाग सावकाश पण न थांबता सोडा, आणि तो पूर्ण सुटल्यावरच एक्सलेटर तळाला न्या. लिहायला एवढं लागलं पण होतं सगळं दीड-दोन सेकंदात. ब्रेक आणि एक्सलेटर एकत्र दाबायच्या भानगडीत पडू नका, बऱ्याच नवीन गाड्यांत दोन्ही दाबले की कॉम्प्युटर रेसच कापतो. इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर सपाटीवर तो आधीच सोडून फक्त फूटब्रेकवर उभे राहा आणि उजवा पाय पटकन हलवा.

चाकं जागेवर फिरली तर? आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात, आणि जोरात निघताना गाडीचं नाक वर उठतं, वजन मागे जातं, म्हणजे ज्या टायरना पकड हवी त्यांच्यावरच भार कमी होतो. टायरचा कर्कश आवाज ऐकून आपण फार फास्ट निघालो असं वाटतं, प्रत्यक्षात गाडी मागे पडत असते. थोडीशी घसरण चालते, टायर किंचित कुरकुरला तर उत्तम, पण रडायला लागला की एक्सलेटर केसभर सोडा, पूर्ण सोडू नका आणि परत क्लच तर मुळीच दाबू नका.

जंक्शनवर अजून एक गोष्ट होते जी कुणी सांगत नाही. स्टिअरिंग वळवलेलं असताना जोर दिला की वळणाच्या आतल्या बाजूचं चाक हलकं पडतं आणि तेच फिरायला लागतं, आणि साध्या डिफरेन्शियलमुळे (दोन चाकांत जोर वाटणारे गियर) दुसऱ्या चाकालाही तेवढाच थोडासा जोर मिळतो, गाडी हायवेच्या मधोमध तशीच अडकते. म्हणून थांबतानाच गाडी होईल तेवढी सरळ लावा, अर्ध्या जोराने वळून घ्या, स्टिअरिंग सरळ झालं की मग दाबा. आपल्या रस्त्यांच्या कडेला लाल माती आणि बारीक खडी साठलेली असते, थांबायची जागा निवडतानाच पुढची चाकं स्वच्छ डांबरावर येतील असं बघा. जूनच्या पहिल्या पावसात धूळ आणि तेल मिळून रस्त्यावर साबणासारखा थर होतो, त्या दिवसांत रेस पाचशेनी कमी ठेवा आणि ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरलं की जोर आपोआप कमी करणारी सोय) बंद करू नका.

चढाचं वेगळं सांगतो कारण त्यात मी स्वतः प्लेट घालवली आहे. चोडणहून रायबंदरला फेरीतून उतरत होतो, ओहोटी होती, धक्क्याचा खालचा शेवाळलेला भाग उघडा पडलेला, पुढची गाडी चढावर थांबली आणि मी हँडब्रेक न ओढता हाफ क्लचवर गाडी तोलून धरली, दोन-तीन मिनिटं तरी. मग घाईत चार हजारावर रेस देऊन निघालो. आधी करपल्याचा वास, मग बॉनेटच्या फटीतून पांढरा धूर. गॅरेजमध्ये गियरबॉक्स उतरवला तेव्हा मेकॅनिकने प्लेट माझ्या हातात दिली, काठाला काळी कुळकुळीत, रिवेटची डोकी वर आलेली, आणि प्लेट जिच्यावर घासते त्या फ्लायव्हीलवर चहाच्या बशीएवढ्या गोलात निळे डाग. ते निळे डाग म्हणजे लोखंड तापून रंग बदललेलं. तेव्हापासून चढावर हँडब्रेकशिवाय एक सेकंद थांबत नाही. चढावर पद्धत तीच, फक्त हँडब्रेक तेव्हाच सोडायचा जेव्हा पकड आलेली आहे आणि गाडीचं ढुंगण खाली बसल्यासारखं जाणवतं. हिल होल्ड (चढावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) असेल तर तो साधारण दोन सेकंदच धरतो, तेवढ्यात निघा.

दुसरा गियर. पेट्रोलला साडेपाच हजारापर्यंत ताणलं तर चालतं, डिझेलला चार हजाराच्या पुढे काही हाती लागत नाही. गियर बदलताना एक्सलेटर सोडा, दांडा आडदांडपणे ओढू नका, आणि दुसऱ्याला क्लच पहिल्यापेक्षा बराच लवकर सोडता येतो कारण तिथे फरक कमी असतो.

सराव कुठे? कुणाच्या तरी कंपाउंडमध्ये, मालकाला विचारून. मोपा विमानतळाच्या लिंक रोडवर नको, मिरामारच्या किनाऱ्यावरच्या रस्त्यावर तर नकोच. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि त्या रस्त्यांवर रात्री गुरं बसलेली असतात हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. दोन जोरदार सुरुवातींच्या मधे दोन-तीन मिनिटं गाडी हलकी फिरवा, वास आला तर त्या दिवशी बंद. समुद्रावरून आलेली ओली वाळूची चप्पल घालून करू नका, आणि क्लचखाली मॅट सरकलेली नाही ना हे आधी वाकून बघा.

आणि हे सगळं सुरू करायच्या आधी प्लेटमध्ये जीव आहे का ते तपासा. फोंड्याच्या फर्मागुडीसारख्या चढावर मागे गाडी नसताना चौथ्या गियरला पन्नासच्या स्पीडने एक्सलेटर पूर्ण दाबा. काटा वर पळाला आणि स्पीड तिथेच राहिला तर प्लेट संपलेली आहे, आधी ती बदला, आणि गियरबॉक्स उतरवलाच आहे तर प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला दाबून धरणारी) आणि रिलीज बेअरिंगपण (पेडल दाबलं की ती पकड सोडवणारं) त्याच वेळी घालून घ्या, नाहीतर तीच मजुरी परत द्यावी लागेल.