संशोधनाची बातमी वाचून काढा उकळताय? या चुका टाळा

अमुक झाडाच्या सालीने कॅन्सरच्या पेशी मेल्या, अशी बातमी महिन्यातून एकदा तरी मला कोणी पाठवतं. खाली विचारणा असतेच, "सर, ही साल आपल्याकडे कुठे मिळेल?" मी रत्नागिरीत वनस्पतिशास्त्र शिकवतो. सगळ्यात घातक चूक याच प्रश्नात आहे. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत पेशी मेल्या म्हणजे माणूस बरा झाला असं नाही.

आमच्या आळीतल्या एका काकांना आतड्याचा कॅन्सर होता, केमो चालू होती. मुलाने बातमी वाचून घाटातून नरक्याची साल मागवली आणि काढा सुरू केला. तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला, "अरे, ह्यांचे जुलाब थांबेनात." गेलो तर ओट्यावर पातेलं तसंच, तळाशी साका आणि सालीचे तुकडे. केमोची फाईल मागितली. त्यात इरिनोटेकान हे औषध. नरक्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं रसायन असतं, आणि इरिनोटेकान त्याच्यापासूनच बनवतात. डॉक्टर रक्त तपासून, मोजून सलाइनमधून देत होते त्याच घराण्यातलं विष घरी मूठमूठ उकळून पोटात जात होतं. लगेच हॉस्पिटलात हलवलं. आठवडाभर काढला, पण वाचले.

कॅम्प्टोथेसिन १९६६ मध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळं केलं. वाणी आपल्या नंदुरबारचे. १९७०च्या आसपास ते रुग्णांना देऊन पाहिलं, तर मूत्राशयातून रक्त जाऊ लागलं, रक्तातल्या पेशी घसरल्या आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. मग रेणूत बदल करत करत टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं अमेरिकेत मंजूर झाली ती १९९६ मध्ये. हे तीस वर्षांचं काम गॅसवर अर्ध्या तासात उरकायला निघालेल्यांचा मला राग येतो. त्यापायी घाटातली नरक्याची झाडं तुटतात ते वेगळंच.

दुसरी चूक नावाची. "कुड्यावर संशोधन झालंय" म्हणजे कुठल्या कुड्यावर? पांढऱ्या कुड्याचं लॅटिन नाव होलॅरेना, काळ्याचं राइटिया. पांढऱ्याचे इंद्रजव, म्हणजे बिया, कडू, काळ्याचे गोडे. राइटियाच्या जोडशेंगा टोकाशी चिकटलेल्या असतात, होलॅरेनाच्या सुट्या लोंबतात. नुसतं पान दाखवून मोबाईलच्या ॲपला नाव विचारणाऱ्या मुलांना मी परत पाठवतो: फूल किंवा शेंग आणा, मग बोलू.

प्रयोग उंदरांवर होता का, हे मथळ्यात शोधू नका, आत वाचा. इतर तज्ज्ञांनी अजून न तपासलेला निबंध पक्का धरू नका. कोकमातल्या आम्लाच्या गोळ्या म्हणजे सोलकढी नव्हे. वजन उतरवायच्या अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. माझ्या वहीत प्रत्येक बातमीपुढे चार रकाने असतात: झाडाचं लॅटिन नाव, कुठला भाग, कोणावर, किती मात्रा. एक रकाना रिकामा राहिला तरी मी ती बातमी पुढे पाठवत नाही.

सड्यावरच्या, म्हणजे कोकणातल्या उघड्या कातळपठारावरच्या, झाडांच्या नोंदींचंही तेच: अर्धवट पाहून निष्कर्ष नको. एप्रिलमध्ये एकदा जाऊन आलेला विद्यार्थी "पडीक कातळ" लिहून मोकळा होतो. त्याच कातळावर पहिल्या पावसानंतर दीपकाडी फुलते, काही आठवड्यांत संपते, मग गेंद आणि सीतेची आसवं ही रानफुलं येतात. मी जून, ऑगस्ट आणि ऑक्टोबर अशा तीन फेऱ्या मारतो, मगच यादी लिहायला बसतो.