फेसाचा दोष फ्रिजमध्ये नव्हता

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुढे जातो हे ठाऊक असूनही, आमच्या छोट्या टॅपरूमसाठी (तोटीतून बिअर देणाऱ्या जागेसाठी) केग, म्हणजे बिअरची पिंपे, थंड ठेवण्याची व्यवस्था निवडताना मी मुख्यतः किंमतच पाहिली. वेगळ्या शीतखोलीतून लांब नळीने बिअर आणायची तर ग्लायकॉल चिलर (थंड द्रव फिरवून नळी गार ठेवणारे यंत्र) लागतो, आणि दोनच तोट्यांसाठी तो खर्च मला पटेना. म्हणून केग आत ठेवून वर पोकळ खांबावर तोटी बसवलेला फ्रिज घेतला.

आतले तापमान ३ अंश असूनही थोड्या खंडानंतरचा पहिला ग्लास निम्मा फेसानेच भरत असे. मी आधी कार्बन डायऑक्साइडचा दाब कमी केला आणि ती चूकच ठरली, कारण दाब घटताच वायू नळीतच बिअरमधून सुटू लागला व फेस आणखी वाढला. खरा दोष होता तो फ्रिजबाहेर, गरम हवेत तापणाऱ्या तोटीच्या खांबात. संगणकाचा एक लहान पंखा (जुनाच, घरात पडलेला) फ्रिजमध्ये बसवून त्याची थंड हवा नळीवाटे खांबाच्या टोकापर्यंत पोहोचवली आणि खांबाला आतून फोमचे अस्तर दिले. नवा ५० लिटरचा केग आता पूर्ण एक दिवस थंड झाल्याशिवाय आम्ही जोडत नाही.