अंटार्क्टिकातील तळावर राहताना: स्कुआ, पेंग्विन आणि सील यांच्याशी कसे वागावे

भारतीय अंटार्क्टिक मोहिमेवर जाणारे बहुतेक जण थंडीची आणि हिमवादळांची तयारी मन लावून करतात. प्राण्यांशी गाठ पडल्यावर काय करायचे, हा भाग मात्र ‘लांबून फोटो काढू’ एवढ्यावर सोडून देतात. तेवढे पुरत नाही. या खंडावर जमिनीवरून शिकार करणारा मोठा प्राणी नाही, म्हणून तिथले पक्षी आणि सील माणसाला पाहून सहसा पळत नाहीत. पळत नाही म्हणजे घाबरलेला नाही, असा अर्थ काढू नये. अंड्यांवर बसलेला पेंग्विन जागचा न हलता आपल्याकडे पाहत असला, तरी त्याच्या हृदयाचे ठोके वाढलेले असू शकतात. त्यामुळे अंतर राखण्याची जबाबदारी पूर्णपणे आपल्यावर येते. अंटार्क्टिकाच्या पर्यावरणरक्षणासाठी झालेल्या १९९१ च्या माद्रिद करारनाम्याने आणि २०२२ च्या भारतीय अंटार्क्टिक कायद्याने ती बंधनकारकही केली आहे.

कोणता प्राणी भेटेल हे तळावर अवलंबून असते. भारताच्या दोन तळांपैकी ‘भारती’ लार्समन टेकड्यांत, अगदी किनाऱ्यालगत आहे, त्यामुळे तिथे अ‍ॅडेली पेंग्विन आणि वेडेल सील दिसतात. ‘मैत्री’ समुद्रापासून सुमारे १०० किलोमीटर आत, शिर्माकर टेकड्यांवर असल्याने तिथे गाठ पडते ती प्रामुख्याने स्कुआ हा तपकिरी, शिकारी समुद्रपक्षी आणि शुभ्र हिमपेट्रेल या पक्ष्यांशी.

सर्वांत आधी शिकून घ्यावे ते स्कुआशी वागणे, कारण तो स्वतःहून अंगावर येतो. उन्हाळ्यात, म्हणजे साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात, तो उघड्या दगडगोट्यांत उथळ खळगा करून एक-दोन अंडी घालतो, आणि अंड्यांचा रंग दगडांत इतका मिसळतो की पाय पडेपर्यंत ती दिसत नाहीत. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडाला घरट्याजवळून जाणाऱ्याच्या डोक्यावर कावळा झडप घालतो, तसाच हा पक्षी मागून, खाली झेपावत येतो. फरक एवढाच की याचा पंखविस्तार सव्वा मीटरच्या घरात असतो. पंख उभारून कर्कश ओरडणारी जोडी दिसली की तिथेच थांबावे. हल्ला सुरू झालाच तर काठी किंवा हात डोक्याच्या वर सरळ उभा धरावा, कारण स्कुआ सर्वांत उंच टोकाकडे झेपावतो. काठी फिरवू मात्र नये. पायाखाली नीट पाहत, आलो त्याच वाटेने मागे फिरावे. ‘पाच मिनिटांत पुढे निघून जाऊ’ हा विचार सोडून द्यावा, कारण आई-बाप आपल्यामागे लागलेले असताना अंडी थंड पडतात आणि दुसरा स्कुआ ती उचलूनही नेतो.

हाच पक्षी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसतो. त्याला पोळीचा तुकडा टाकण्याचा मोह कितीही झाला तरी टाकू नये, आणि खरकट्याचे पिंप क्षणभरही उघडे ठेवू नये. कोंबडीची हाडे आणि अंड्यांची टरफले यांबाबत तर विशेष दक्षता घ्यावी, कारण पाळीव कोंबड्यांचे रोग त्यांतून तिथल्या पक्ष्यांपर्यंत पोहोचू शकतात.

पेंग्विनच्या बाबतीत अंतराचे आकडे पाठ असावेत. लार्समन टेकड्यांच्या परिसरात पायी जाणाऱ्याने सम्राट पेंग्विनच्या वसाहतीपासून ५० मीटर, अ‍ॅडेलीच्या वसाहतीपासून आणि पिसे गाळत असलेल्या पेंग्विनपासून ३० मीटर, तर बर्फावर एकट्यादुकट्या फिरणाऱ्या पेंग्विनपासून किमान ५ मीटर दूर राहावे. वाहन असेल तर याहून कितीतरी लांब थांबावे. ही किमान अंतरे आहेत. बसलेला पक्षी उठून उभा राहिला, मान ताणून पाहू लागला किंवा त्याने चाल बदलली, तर आकडा काहीही असो, मागे सरावे. पेंग्विन स्वतःच जवळ आला तर स्थिर उभे राहून त्याला जाऊ द्यावे.

वेडेल सील बहुधा बर्फावर सुस्त पडलेला असतो, आणि त्याच्याकडे पाहताना आपल्या सुरक्षिततेचाही विचार करावा: तो पाण्यातून वर आला आहे म्हणजे जवळपास बर्फात भेग किंवा त्याने दातांनी कोरून उघडे ठेवलेले भोक आहे. बर्फाची जाडी तपासल्याशिवाय त्या दिशेने पाऊल टाकू नये. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिल्लू सोबत असेल तर ३० मीटर अंतर ठेवावे, आणि पिल्लू व पाणी यांच्या मध्ये कधीही उभे राहू नये. लेपर्ड सील ही निराळी गोष्ट आहे. २००३ मध्ये रॉथेरा तळाजवळ पाण्यात उतरलेल्या एका ब्रिटिश संशोधिकेचा त्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता, म्हणून तो दिसल्यास पाण्याच्या काठापासून दूर व्हावे.

बर्ड फ्लूचा विषाणू २०२४ मध्ये अंटार्क्टिक द्वीपकल्पावरील स्कुआंमध्ये आढळला, तेव्हापासून पक्ष्यांच्या वावराच्या जागी बसणे, गुडघे टेकणे किंवा पाठपिशवी जमिनीवर ठेवणे टाळावे. फोटोसाठी बैठक मारण्याची सवय असलेल्यांना हे जड जाते, पण नाइलाज आहे. तळावर परतताना बूट घासून जंतुनाशकात बुडवावेत. मेलेल्या किंवा मान वाकडी करून झोकांड्या देणाऱ्या पक्ष्याला हात न लावता जागा, वेळ आणि संख्या टिपून घ्यावी, लांबूनच छायाचित्र काढावे आणि तळाच्या डॉक्टरांना व मोहीमप्रमुखांना लगेच कळवावे. नमुना घ्यायचा की नाही, हे परवाना असलेली व्यक्तीच ठरवील.