गाळेवाल्यांचा निवडणूक निधी: चेकने, नावानिशी आणि दिवाळीआधी

विधानसभेची निवडणूक लागली की साकीनाका, मरोळ, चारकोप, लोअर परळ, कुठल्याही इंडस्ट्रियल इस्टेटीत एकच दृश्य दिसतं. पक्षांची माणसं पावतीपुस्तक घेऊन गाळ्यागाळ्यांत फिरतात, शेठ गल्ल्यातून काहीतरी काढून हातावर ठेवतो, संध्याकाळी दुसऱ्या पक्षालाही तेवढंच देतो. निकालानंतर या पैशांची आठवण कोणालाच राहत नाही. तेवढीच रक्कम वीस-पंचवीस मालकांनी एका लेखी मागणीपत्रामागे, चेकने आणि नावानिशी दिली, तर उमेदवार खुर्ची ओढून बसतो आणि ऐकतो. फरक रकमेचा नाही, पद्धतीचा आहे.

आधी मागणी, मग पैसा

पहिली बैठक पैशांची नसावी. आमदाराच्या हातात काय आहे आणि काय नाही, याची चाळणी आधी लावा. जीएसटीचा दर दिल्लीत परिषदेत ठरतो. मालमत्ता कर आणि कारखान्याचा परवाना महापालिकेकडे असतो. महापालिकेच्या निवडणुकीसाठी निवडणूक आयोगही वेगळा, म्हणजे राज्य निवडणूक आयोग, आणि खर्चाच्या मर्यादाही वेगळ्या. विजेचा दर वीज नियामक आयोग ठरवतो, पण विजेवरचं शुल्क राज्य सरकारचं. मुद्रांक शुल्क, व्यवसाय कर, २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा, १९६९ चा माथाडी कायदा, एमआयडीसीची धोरणं, हे सगळं मुंबईतल्या आणि नागपुरातल्या विधिमंडळाच्या कक्षेत येतं. यादी यातूनच करायची.

मागण्या तीनच ठेवा. अकरा मागण्यांचं पत्रक कोणी वाचत नाही. प्रत्येक मागणी एका वाक्यात, आणि अशी की तिच्यावर सभागृहात तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, विचारता येईल. 'उद्योगांना प्रोत्साहन द्यावे' ही मागणी नव्हे. २०१३ मध्ये एलबीटी म्हणजे महापालिकांच्या स्थानिक संस्था कराविरोधात राज्यभरच्या व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली, तेव्हा मागणी एका श्वासात सांगता येत होती: एलबीटी नको. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्यांचा तो सुटला.

आणखी एक पथ्य. कोणा एकाची मंत्रालयात अडकलेली फाईल या यादीत घुसू द्यायची नाही. सगळ्यांना लागू होणारं धोरण मागणं हा राजकारणाचा भाग आहे. देणगीच्या बदल्यात स्वतःचं काम मागणं ही लाच आहे, आणि मध्ये संघटना असली म्हणून ती लाच राहत नाही असं नाही. ज्याची फाईल सध्या सरकारदरबारी निर्णयासाठी आहे, त्याने या वेळी देणगी न दिलेलीच बरी.

उमेदवार पारखताना

'उद्योगस्नेही' हा शब्द प्रत्येकाच्या फ्लेक्सवर असतो, त्याला किंमत नाही. विद्यमान आमदार असेल तर त्याने पाच वर्षांत कोणते प्रश्न विचारले ते पाहा. मुंबईतल्या ३६ मतदारसंघांच्या आमदारांची उपस्थिती आणि प्रश्न यांचा अहवाल प्रजा फाउंडेशन काढत असतं. नवा उमेदवार असेल तर अर्जासोबतचं फॉर्म २६ चं शपथपत्र उघडा: गुन्हे, मालमत्ता, देणी सगळं त्यात असतं. ज्याच्या नावावर सरकारी थकबाकी आहे, त्याच्याकडून करसवलतीवर भाषण ऐकण्यात वेळ घालवू नये. शेवटी तिन्ही मागण्यांवर सही घ्या. सही न करणाराही चालेल, पण 'बघू' म्हणणाऱ्यापेक्षा 'दुसरी मागणी मला मान्य नाही' म्हणणारा बरा.

अपक्षाच्या मोहात सावध राहा. २००९ च्या लोकसभेला दक्षिण मुंबईत मीरा सन्याल या नामवंत बँकर अपक्ष उभ्या राहिल्या. उद्योगवर्तुळात नाव मोठं होतं, मतपेटीत मतं फार थोडी निघाली. शिवाय कंपन्यांची देणगी अपक्षापर्यंत पोहोचवायला कायद्यात सरळ रस्ताच नाही.

कोण किती देऊ शकतं

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी कायदा, २०१३ चं कलम १८२ लागू होतं. कंपनीला तीन आर्थिक वर्षं पूर्ण झालेली हवीत. सरकारी कंपनीला देणगी देताच येत नाही. एका आर्थिक वर्षात सगळ्या पक्षांना मिळून, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्के ही कमाल मर्यादा. ही मर्यादा २०१७ मध्ये काढली होती. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे रद्द केले, तेव्हा ती काढून टाकणारी दुरुस्तीही घटनाबाह्य ठरली. 'आता लिमिट नाही' असं सांगणारा माणूस जुन्या माहितीवर चालला आहे.

हिशेब असा: तीन वर्षांचा नफा ४० लाख, ५५ लाख आणि २५ लाख. सरासरी ४० लाख. साडेसात टक्के म्हणजे ३ लाख. एखाद्या वर्षी तोटा असेल तर तोही सरासरीत धरा आणि आकडा सीएकडून लेखी घ्या. मर्यादा ओलांडली तर दंड देणगीच्या पाचपटीपर्यंत, आणि जबाबदार अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

कंपनीने रोख देणं पूर्ण बंद. चेक, ड्राफ्ट किंवा बँकेतून ट्रान्सफर, एवढेच मार्ग. ठराव संचालक मंडळाच्या बैठकीतच व्हायला हवा. फिरत्या कागदावर सह्या घेऊन केलेला चालत नाही. बैठकीला सात दिवसांची नोटीस लागते, हे लक्षात ठेवून तारीख धरा. ठरावाचा मजकूर साधारण असा:

'कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १८२ नुसार … या नोंदणीकृत राजकीय पक्षास रु. २,००,००० अकाउंट पेयी चेकने देण्यास संचालक मंडळ मंजुरी देत आहे. मागील तीन आर्थिक वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्के, म्हणजे रु. ३,००,००० ही मर्यादा असून, चालू वर्षात यापूर्वी दिलेले रु. … धरून ती ओलांडली जात नाही.'

शेवटचं वाक्य बहुतेक ठरावांत नसतं, आणि ऑडिटर नेमकं तेच विचारतो. वर्षअखेरीस नफातोटा पत्रकात रक्कम आणि पक्षाचं नाव दोन्ही दाखवावं लागतं.

भागीदारी फर्म, एलएलपी आणि प्रोप्रायटर यांना साडेसात टक्क्यांचं बंधन नाही. फर्ममध्ये मात्र सगळ्या भागीदारांची लेखी संमती घ्या. दोन भावांचे पक्ष वेगळे असणं मुंबईत नवल नाही. कंपनीत परदेशी भांडवल असेल तर विदेशी देणगी कायद्याचा प्रश्न येतो. त्यावर वकिलाचं मत हाती येईपर्यंत त्यांचा चेक घेऊ नका.

उमेदवाराला थेट द्यायचं असेल तर ते व्यक्तीने, स्वतःच्या खात्यातून. उमेदवार निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडतो, चेक त्याच खात्यावर. आयोगाच्या सूचनेप्रमाणे एकाकडून दहा हजारांपेक्षा जास्त रोख त्याला घेता येत नाही.

संघटनेच्या खात्यातून काहीही द्यायचं नाही. प्रिमायसेस सोसायटीचा दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या ट्रस्टचे पैसे, यांना हात लावला की उद्या कोणीही सभासद तक्रार करू शकतो. संघटनेने यादी ठेवावी, चेक प्रत्येकाने आपापला, थेट लाभार्थ्याच्या नावाने काढावा.

करसवलतीचं आमिष दाखवून पैसे मागू नका. पक्षाला बिगररोख दिलेली देणगी कलम ८०जीजीबी आणि ८०जीजीसी खाली वजा होत आली आहे, पण २२ टक्क्यांचा सवलतीचा कंपनी कर निवडलेल्या कंपनीला आणि नव्या करप्रणालीतल्या व्यक्तीला ती मिळत नाही. उमेदवाराला दिलेल्या पैशावर तर कोणालाच नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांकही बदलले आहेत.

किती गोळा करायचं

महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपये खर्चाची मर्यादा आहे, अर्ज भरल्यापासून निकालापर्यंत. त्यामुळे एका उमेदवारासाठी कोटभर जमवण्याला अर्थ नाही. तो पैसा कायद्याने खर्चच होणार नाही, मग दुसऱ्या वाटेने होईल आणि तुमचं नाव त्या वाटेवर सापडेल. एका मतदारसंघात पंचवीस जणांकडून दहा-बारा लाख हे उद्दिष्ट पुरेसं आहे. पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला अशी मर्यादा नाही, म्हणून कंपन्यांचे चेक पक्षाकडे आणि व्यक्तींचे उमेदवाराकडे, अशी वाटणी सोयीची पडते. पक्षाला दिलेला पैसा आपल्याच मतदारसंघात लागेल याची हमी मात्र नसते; सभासदांना हे आधी सांगा.

इलेक्टोरल ट्रस्ट, म्हणजे देणग्या गोळा करून पक्षांना वाटणारी संस्था, हा तिसरा मार्ग. तो नोंदणीकृत पक्षांनाच देतो, उमेदवाराला नाही, आणि वर्षभरात जमलेल्यापैकी ९५ टक्के वाटावे लागतात. टाटा समूहाचा प्रोग्रेसिव्ह इलेक्टोरल ट्रस्ट आहे तसा स्वतःचा काढण्याच्या फंदात गाळेवाल्यांनी पडू नये. 'अमुक पक्षाला दिलं हे दिसायला नको' असं म्हणणाऱ्या मोठ्या सभासदाला चालू असलेल्या ट्रस्टकडे वळवा. तिथेही देणगीदारांची यादी आयोगाकडे जाते, पण कोणाचा पैसा कोणत्या पक्षाकडे गेला हे सरळ जोडून दिसत नाही.

वेळापत्रक

२०२४ चं पाहा. १५ ऑक्टोबरला घोषणा, २९ ला अर्जाची मुदत संपली, ४ नोव्हेंबरला माघार, २० ला मतदान, २३ ला निकाल. मध्येच १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन. दिवाळीत गाळे बंद, शेठ गावाला, कॅशियर सुट्टीवर, आणि बोनस वाटून खाती रिकामी. माघारीनंतर काम सुरू करणाऱ्याला जेमतेम दोन आठवडे मिळाले. पुढची निवडणूक वेळेवर झाली तर २०२९ च्या दिवाळीच्या मागेपुढेच येईल. म्हणून मागणीपत्र गणपतीपूर्वी, संचालक मंडळांचे ठराव नवरात्रात, आणि उमेदवारी नक्की होताच चेक.

शेठला कसं विचारायचं

फोन संघटनेच्या अध्यक्षाने करू नये. ज्याचा माल त्याच्याकडे जातो, किंवा ज्याच्याकडून तो माल घेतो, त्याने करावा. आणि विचारणाऱ्याचा स्वतःचा चेक आधी लिहिलेला असावा. 'शेठ, जमेल तेवढं द्या' म्हटलं की पाच हजारच येतात. 'आम्ही चौघांनी पन्नास-पन्नास लिहिलेत, तुमचं किती धरू?' असं विचारलं की निदान आकड्यावर बोलणं होतं.

दोन उत्तरं ठरलेली येतात. 'आम्ही सगळ्यांनाच थोडं थोडं देतो.' द्या, पण यातला एक हिस्सा मागणीपत्रावर सही करणाऱ्यालाच, एवढंच त्यांच्याकडून घ्या. दुसरं, 'नाव आलं तर समोरचे त्रास देतील.' ही भीती खोटी नाही आणि नाव खरंच येतं: वीस हजारांवरच्या देणग्या पक्षाला फॉर्म २४ए मध्ये नावासकट आयोगाला कळवाव्या लागतात. हे लपवून चेक घेतला तर तो सभासद पुढच्या वेळी फोनच उचलत नाही. ज्याला नको त्याला सोडा.

कुठे फसतं

'शंभर द्या, पंच्याण्णव रोख परत घ्या' म्हणणारा दलाल प्रत्येक इस्टेटीत एक तरी असतो. नावापुरत्या नोंदवलेल्या पक्षांच्या पावत्यांवर हा धंदा चालतो. प्राप्तिकर खात्याने अशा पक्षांवर छापे घातले, देणगीदारांनाही नोटिसा गेल्या; ऑगस्ट २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने ३३४ नोंदणीकृत बिगरमान्यताप्राप्त पक्ष यादीतून काढले. चेक लिहिण्यापूर्वी पक्षाचं नाव आयोगाच्या यादीत तपासा, ओळखीच्या माणसाने आणलेला असला तरी.

स्मरणिकेतली जाहिरात हीसुद्धा देणगीच धरली जाते आणि साडेसात टक्क्यांत मोजली जाते. प्रचार कार्यालयाला फुकट दिलेला गाळा, टेम्पो, दोन हजार वडापाव, सगळं जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या दरपत्रकाने उमेदवाराच्या खर्चात धरलं जातं. उमेदवाराला न विचारता बॅनर लावाल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ खाली तुम्हीच अडकाल आणि खर्चही कदाचित त्याच्याच माथी बसेल. लेखी संमती घ्या. छापील पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच.

आचारसंहितेत पन्नास हजारांपेक्षा जास्त रोकड घेऊन गाडीने फिरू नका. भरारी पथकाला बँकेची पावती दाखवता आली नाही तर पैसे अडकतात आणि सोडवायला पगाराचा दिवस उलटून जातो.

कामगारांना 'यालाच मत द्या' असं सांगायचं नाही. गेटवर नाही, सुपरवायझरमार्फत नाही, पगाराच्या पाकिटात चिठ्ठी टाकून तर अजिबात नाही. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी कायद्याने द्यावी लागते; ती देऊन विषय संपवा.

निकालानंतर

प्रत्येक चेकची पावती, पॅनसह, फाईलला लावा. उमेदवाराला निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो आणि तो कोणालाही नाममात्र शुल्क भरून पाहता येतो. आपल्या सभासदांचे चेक त्यात आहेत का ते मिळवून पाहा. नसतील तर उमेदवाराला लेखी विचारा आणि त्या पत्राची प्रत देणगीदारांना द्या. निवडून आला असेल तर सत्काराचा हार नंतर. आधी तिन्ही मागण्यांचे तारांकित प्रश्न तयार स्वरूपात टाइप करून, आकडेवारी जोडून, त्याच्या स्वीय सहायकाकडे पोहोचवा. प्रश्न अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावे लागतात आणि नागपूरचं हिवाळी अधिवेशन निकालामागोमाग उभं राहतं.