हाताने भरलेली काडतुसं मोडताना या चुका टाळा

हाताने भरलेलं काडतूस मोडायची, म्हणजे बुलेट ओढून सगळे भाग सुटे करायची, वेळ रीलोडिंग (घरी काडतुसं भरणं) करणाऱ्या प्रत्येकावर कधीतरी येतेच. लोड गरम निघतो, म्हणजे दाब प्रमाणाबाहेर जातो, केसच्या (काडतुसाच्या पितळी नळीच्या) बुडावर चकाकणारे डाग उमटतात, बोल्ट उघडताना जड लागतो. किंवा सगळा ट्रे भरून झाल्यावर एखाद्या केसमध्ये पावडर (बंदुकीची दारू) टाकायची राहिली असावी, अशी शंका येते. अशी काडतुसं मोडणं हाच योग्य निर्णय. ती वजन करून वेगळी काढायच्या फंदात पडू नका, कारण रायफलच्या केसांच्या वजनातच काही ग्रेनचा (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) फरक असतो आणि चार्जमधली (मोजून टाकलेल्या पावडरमधली) चूक त्यात सहज लपते. खऱ्या चुका होतात त्या मोडून झाल्यावर, ‘निघालंच आहे तर वाया कशाला घालवायचं’ या हिशेबात.

सगळ्यात मोठी चूक पावडरची. आमच्या ओळखीतल्या एका नेमबाजाने दुसऱ्याचं सामान घेतलं, त्यात हँडलोडचं एक खोकं होतं. खोक्यावर सुवाच्य अक्षरात पावडरचं नाव, ग्रेनमधला चार्ज, बुलेटचं वजन, सगळं लिहिलेलं. त्याने अख्खं खोकं मोडलं, पावडर एका बाटलीत जमवली आणि त्याच लेबलाच्या भरवशावर नवीन केसा भरायला बसला. मी त्यातली चिमूटभर पावडर दिव्याखाली पांढऱ्या कागदावर पसरली. बहुतेक दाणे कापलेल्या काड्यांसारखे होते, पण मधूनमधून चपटे, चकचकीत गोळेही दिसत होते. म्हणजे दोन वेगळ्या पावडरी. लेबल आधीच्या भरणीचं, आणि खोकं नंतर कशासाठी वापरलं गेलं ते कुणालाच ठाऊक नाही. ते गोळे नजरेला पडले हे नशीब. दोन्ही पावडरी काडीच्या असत्या, तर काहीच कळलं नसतं. दिसायला अगदी सारख्या दोन पावडरींच्या जळण्याच्या वेगात प्रचंड फरक असू शकतो, आणि संथ पावडरचा चार्ज वेगवान पावडरने भरला तर रायफल फुटू शकते. रंग, आकार, वास यांवरून पावडर ‘ओळखणाऱ्या’ माणसाच्या शेजारच्या लेनमध्ये मी उभा राहत नाही.

म्हणून दुसऱ्याने भरलेल्या काडतुसातली पावडर फेकायची. यावर चर्चा नको. स्वतः भरलेली असेल, वहीत नोंद असेल आणि पावडरचा लॉट (उत्पादनाची खेप) माहीत असेल, तरच ती ठेवायचा विचार करा. मी पहिल्या काही काडतुसांचे चार्ज एकेक करून तोलतो आणि वहीशी जुळवतो. एक जरी जुळला नाही, तरी सगळी पावडर बाद. जुळली तर ती वेगळ्या, नाव लिहिलेल्या बाटलीत जाते आणि आधी संपवली जाते. मूळ डब्यात परत ओतणं म्हणजे एका चुकीने अख्खा डबा संशयास्पद करून ठेवणं. आंबट, झोंबणारा वास येत असेल किंवा तांबूस धूळ दिसत असेल, तर ती पावडर कुजायला लागली आहे. केसही आतून हिरवट पडली का ते बघा. बाद पावडर मी मोकळ्या मातीवर पातळ पसरून टाकतो. ती कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, मोरीत ओतू नका.

दुसरी चूक जिवंत प्रायमरची, म्हणजे केसच्या बुडातल्या, पावडर पेटवणाऱ्या छोट्या टोपीची. पावडर निघाली की लोकांना वाटतं धोका संपला, आणि मग पंच नि हातोडी घेऊन प्रायमर ठोकत बसतात. प्रायमर धक्क्यानेच पेटतो, त्याचं कामच ते आहे. तेल टाकून तो ‘मारला’ असं समजणंही चूक, कारण तेल लागलेले प्रायमरही पेटतात. माझी सवय सोपी आहे: प्रायमर केसमध्येच राहू देतो आणि ती केस तशीच पुन्हा भरतो. काढावाच लागला तर प्रेसवर (काडतुसं भरायच्या यंत्रावर), हलक्या हाताने, चष्मा लावून आणि खालची वाटी आधी रिकामी करून. काढलेला प्रायमर मी परत वापरत नाही.

बुलेट ओढायला हातोडा पुलर (काडतूस आत घालून हातोडीसारखं आपटायचं साधन) असेल तर तो लाकडाच्या उभ्या कापावर किंवा तशाच कडक पृष्ठभागावर मारा. मऊ जागेवर कितीही आपटला तरी बुलेट हलत नाही. मऊ टोकाच्या बुलेटसाठी तळाशी कानातला फोमचा बोळा टाकावा. प्रत्येक काडतुसानंतर पुलर पूर्ण रिकामा करा. रिमफायर काडतूस (ज्याचं पेटणारं मिश्रण बुडाच्या कडेत असतं) त्यात कधीच घालायचं नाही.

कोलेट पुलर (प्रेसवर बसवून बुलेट आवळून धरणारा) मला जास्त आवडतो, कारण केस उभी राहते आणि पावडर आतच राहते. पण कोलेटला धरायला बुलेटची सरळ बाजू बाहेर दिसायला हवी. ती दिसत नसेल तर आवळून आवळून बुलेटवर ओरखडेच पडतात. अशा बुलेटा सरावाला ठेवा, स्पर्धेला नाही.

वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या काडतुसात बुलेट केसच्या मानेला (बुलेट धरणाऱ्या अरुंद तोंडाला) चिकटून बसते. तिथे उतावळे लोक जोर लावतात आणि रिम (केसच्या बुडाची कड) फाडतात. सीटिंग डाय (बुलेट बसवायचा साचा) जराशी खाली घेऊन बुलेट अगदी किंचित आत ढकला. ‘टक्’ असा बारीक आवाज आला की बंध सुटला, मग ओढा.

बुलेट काढल्यावर मान सैल पडलेली असू शकते, हे फार थोडे लोक तपासतात. नवीन बुलेट बोटाने आत सरकत असेल, तर चेंबरमध्ये जाताना ती आणखी आत दाबली जाईल आणि दाब वाढेल. साइझिंग डायमधली (मान आवळायच्या साच्यातली) डीकॅपिंग पिन (प्रायमर ढकलणारी सुई) काढा, एक्सपांडर (मान आतून मापात आणणारा भाग) तसाच ठेवा आणि मान पुन्हा साइझ करा. पिन काढायला विसरलात तर जिवंत प्रायमर बाहेर येईल.

वाचवलेल्या बुलेटा वजनाने वेगळ्या करून पिशवीवर तारखेसह लिहून ठेवा. आणि त्या भरताना जुना चार्ज तसाच उचलू नका. केस, प्रायमर किंवा बुलेट यातलं काहीही बदललं असेल, तर भरणीच्या तक्त्यातल्या सुरुवातीच्या चार्जपासून पुन्हा वर या.